काहिलीतले आप्पा

त्या हिवाळ्यानंतर मी खेकड्याला हात लावला नाही, असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. पण ते खोटं आहे. मी खेकडी आणली, पाट्यावर वाटली, रस्सा केला, पोरांना वाढला आणि स्वतःही ओरपला. ज्यांच्याबद्दल सांगायला बसलेय त्यांना असलं शोभेचं खोटं खपत नसे, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

ते आमचे घरमालक. दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल मिळायची मारामार, साखर चिठ्ठीवर, आणि त्यात यांची बदली झाली निपाणीपासून थोडं आत, वेदगंगेच्या काठच्या एका गावी. हे म्हणजे आमचे मास्तर. मी बेळगावची. नदी म्हणजे गाडीतून जाताना पुलावरून दिसते ती, एवढीच माझी ओळख. खोली बघायला आम्ही गेलो तर अंगणात एक म्हातारा भल्यामोठ्या लोखंडी कढईत बसलेला. कोरड्या जमिनीवर, अंगावर घोंगडं, आणि दगडाने कढईचं बूड आतून खरखर घासत होता. मी यांच्या बाहीला धरून म्हटलं, "चला इथनं." हे म्हणाले, "थांब, विचारू तर."

विचारलं. म्हातारा कढईतून उठलाही नाही.

"खोली द्यायची हाय," ते म्हणाले. "पर आधी ऐकून घ्या. मागल्या खोलीचं आडं गळतंय. ढेकनं हाईत. उंदरं पळत्यात. आन ही शेजारीन," त्यांनी कुंपणाकडे बोट केलं, तिथं ती बाई उभीच होती, "तोंडाची लई वाईट हाय. घ्यायची तर घ्या."

"मुडदा बशिवला तुजा!" म्हणून शेजारीण फणकाऱ्याने आत गेली.

आम्ही खोली घेतली, कारण गावात दुसरी नव्हतीच. आढं गळलं, ढेकूण निघाले, उंदीर पळाले, आणि शेजारणीबद्दलही म्हाताऱ्याने काही जास्त सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणे. आम्हीही आप्पाच म्हणू लागलो.

खोटं बोलता न येणं हा माणसात गुण असतो असं आपण पोरांना शिकवतो. आप्पांच्या शेजारी वर्षभर राहिलं की ते शिकवणं बंद होतं. गल्लीत कुणाला मूल झालं आणि आईने कौतुकाने दाखवलं, की आप्पा वाकून बघत आणि म्हणत, "काळं हाय. नाक आज्ज्यावर गेलंय." त्यांच्या सख्ख्या भावाचा बांधाचा दावा चिकोडीच्या कोर्टात होता. साक्षीला आप्पा. वकिलाने पढवून पढवून घसा कोरडा केला, की बांध कुणी फोडला मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं. आप्पा पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या अण्णानं फोडला. खोरं मी धरलं हुतं." भाऊ दावा हरला, आणि मरेपर्यंत तो आप्पांच्या घराचा उंबरा चढला नाही. मी एकदा म्हटलं, आप्पा, जरा कानाडोळा करायचा होता. तर म्हणाले, "मग काय म्हनायचं हुतं? फोडलाच की."

आता त्या कढईबद्दल. ती काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. पुराच्या दिवसांत नदीपलीकडे जायला गावागावातून काहिलीच पाण्यात टाकतात. पण तो पावसाळ्यातला उद्योग. थंडी पडली की गुऱ्हाळं पेटतात आणि काहिली चुलाणावर चढतात, मग नदी रिकामी. आप्पांची काहील मात्र गुळातून कायमची उठलेली होती. तिचं बूड जळून भोक पडलं होतं. आप्पांनी त्याला पत्रा ठोकून, वर डांबर ओतून ती आपल्यापुरती केली होती, आणि गाव गुळात गुंतलेला असताना हा एक माणूस हिवाळाभर नदीत काहील घेऊन फिरे. कशासाठी, तर खेकड्यांसाठी.

हिवाळ्यात खेकडं बाहेर पडत नाही. पाणी उतरलेलं असतं, आणि उभ्या दरडीत, पाण्याला लागून, बिळं करून ती आत बसतात. वरून हात पोचत नाही. खालून उभं राहावं तर गळ्याएवढं पाणी, आणि पौषातलं पाणी म्हणजे हाडं फोडणारं. म्हणून काहील. वल्हं म्हणून रस ढवळायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. काहिलीला ना पुढा ना मागा. एक फावडं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरायची. मी धुणं घेऊन घाटावर गेले की धुक्यातून आधी आवाज यायचा, "ए भवाने, सरळ चल की. इकडं न्हवं, इकडं." मग घोंगड्यातला तो म्हातारा फिरत फिरत दिसायचा. कधी तोंड आमच्याकडे, कधी पाठ. बायका हसून हसून धुणी सोडायच्या. एकजण ओरडायची, "आप्पा, सासरी निघालासा काय?" आप्पा फिरता फिरता उत्तर देत, पहिला शब्द आमच्याकडे, उरलेले पलीकडच्या काठाला.

दरडीला लागले की मुळी धरून काहील थांबवायची, आणि बिळात हात. खांद्यापर्यंत. मला बघवत नसे. आत साप असला तर, असं मी विचारलं. "असला तर चावंल," ते म्हणाले.

लढाईमुळे लोखंडाला सोन्याचा भाव आला होता. निपाणीचा एक भंगारवाला काहील मागायला आला. चांगली रक्कम सांगत होता. आप्पांनी त्याला काहिलीचं ठिगळ दाखवलं, गंजलेली कड दाखवली, "हितं पत्रा पातळ झालाय, तुला तोटा हुईल," असं समजावलं, आणि मग म्हणाले, "आन द्यायचीबी न्हाय." तो बिचारा डोकं खाजवत गेला.

आणि या माणसाची बायको माळकरी.

आक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासमच्छी तर सोडाच, खेकड्याचा वास आला तरी त्या पदर नाकाला लावत. गावातल्या माळकऱ्यांच्या घरात नवऱ्यानेही सोडायचं अशी रीत. नाहीतर रोजची भांडणं. या दोघांनी वेगळीच तोड काढली होती. गोठ्याच्या मागे तीन दगडांची चूल, आप्पांचं आपलं वेगळं गाडगं, वेगळी परात, वेगळा पाटा. तिथंच शिजवायचं, तिथंच बसून खायचं, तिथंच भांडी घासून पालथी घालायची. मग विहिरीवर आंघोळ, आणि मगच घराचा उंबरा. माळ घातल्यापासून यात एकदाही चूक झाली नाही, असं शेजारीण सांगे. आणि ती काही आप्पांचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती.

आतून आक्कांचा आवाज यायचा, "झालं का राक्षसाचं जेवान?"

"झालं."

"हाडकं गोळा केलासा?"

"खेकड्याला हाडकं नसत्यात."

"असू देत, नसू देत. पानी तापलंय, वता जावा अंगावर. गारठून मरशीला, आन मला रडाय लागंल."

पाणी त्याच तापवून ठेवत. खेकड्याचं नाव काढायच्या नाहीत, पण आप्पा नदीवरून यायच्या वेळी बंबात जाळ घातलेला असायचाच. मूलबाळ नव्हतं. एक झालं होतं, बारशाआधीच गेलं. हे मला आक्कांनीच एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं, आणि फोडणं थांबवलं नाही.

दिवाळी झाली आणि आक्कांचा खोकला सुरू झाला. आधी आम्ही म्हटलं, थंडीचा आहे. मग ताप राहायला लागला. मग एकदा परसात त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि पायाशी मातीवर रक्त होतं. मला म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नको." सांगायची गरजच नव्हती. आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते.

निपाणीचा डॉक्टर येऊन गेला. दूध, अंडी, मोकळी हवा, म्हणाला. अंडी कोण घेणार होतं? मग आप्पांनी चिकोडीहून एक म्हातारा वैद्य आणला. तो कानडी बोलणारा. नाडी धरून बराच वेळ बसला आणि आप्पांना बाहेर नेऊन एकच शब्द बोलला, "एडी." एडी म्हणजे खेकडा. पाय-नांग्या कुटून, गाळून, मिरं घालून उकळलेलं पाणी, रोज सकाळी. छातीला बळ येतं, म्हणाला. दुसरं औषध माझ्याकडे नाही.

जन्मभर जे तिच्यापासून दूर, गोठ्याआड खाल्लं, तेच आता तिच्या तोंडाशी न्यायचं. आप्पा त्या दिवशी अंगणात काहिलीच्या कडेवर बसून राहिले. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होते. आक्कांची वेणी घालत होते.

"वैद्यानं सांगितलंय," आप्पा म्हणाले. "वाईच घ्यायचं. औषध म्हनून."

"न्हाय."

"बुवास्नी इचारून आलोय. माळ त्येनीच दिल्या न्हवं? ते म्हनले, औषधाला दोष न्हाय."

"बुवास्नी दोष नसंल. मला हाय."

"अगं मरशील की."

"मग मरंन."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आक्का, देव काय असा आहे का हो? जीव वाचवायला घेतलं तर तो रागावेल?"

आक्का हसल्या. फार खोकला आला त्यांना, मग म्हणाल्या, "देवाचं मी कुठं काय म्हनतोय? माजं पोर गेलं तवा ही माळ घातली बघ. कुनी घाल म्हनलं न्हवतं. घर ह्यांचं, शेत ह्यांचं, हे दुखनंबी कुनी दिलं कुनाला ठावं. एवढी एक वस्तू माजी हाय. ती सोडून जगून मी काय करू?"

आप्पा उठून गोठ्याकडे गेले. मी वेणी पुरी केली. आणखी समजूत घालायला हवी होती की नको, ते मला आजही कळत नाही.

पण आप्पा नदीवर जायचे थांबले नाहीत. पूर्वी आठवड्यातून एखाद-दोनदा जात, आता रोज. धुक्यात दोन हातांवरचं दिसत नसे आणि काहिलीचा तो लोखंडी आवाज येत असे. नांग्यांनी बोटं फोडलेली. खेकडी आणायची, कुटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची, उकळायची, आणि वाडगं घेऊन मागच्या दारात उभं राहायचं. आत जायचं नाही; रीत मोडायची नाही.

"आनलंय," ते म्हणत.

"न्हाय," आतून येई.

वाडगं निवेपर्यंत ते उभे राहत. मग ते माझ्याकडे आणत. "घ्या बाई. मास्तरास्नी द्या. वाया जाया नगं." आम्ही ते प्यायलो. का नाही पिणार? महागाईचे दिवस. महिनाभरात यांच्या गालावर तजेला आला, शाळेतले लोक विचारायला लागले, मास्तर, काय खाता? औषध तिचं आणि बाळसं आम्हाला. पलीकडच्या खोलीतून खोकला ऐकू यायचा आणि घोट तोंडातल्या तोंडात फिरायचा. पण गिळायचा.

संक्रांतीच्या थोडं आधी आक्कांना उठणंही होईना. मी दोन भाकऱ्या जास्त टाकीन म्हटलं, तर आप्पा नको म्हणाले. "मी करतो." आणि खरोखरच त्यांनी चूल हातात घेतली. आतली चूल. आक्कांना भाकरी जात नव्हती, म्हणून हुलग्याचं माडगं. हुलग्याचं पीठ भाजून, पाण्यात कालवून, जिरं-लसूण घालून शिजवलेली पेज. आमच्याकडे थंडीत घरोघर होते. माझ्याकडे ते लसूण मागायला आले, मिरं मागायला आले. भरपूर मागितलं.

"इतकं तिखट आक्कांना सोसेल का?" मी विचारलं.

आप्पा उत्तर न देता निघून गेले. विचारलं की उत्तर देणारा माणूस. मला वाटलं, दमलेत.

आणि आक्का प्यायला लागल्या! दोन्ही वेळा, वाडगंभर. मला म्हणाल्या, "ह्यास्नी माडगं करता येतंय हे आधी कळलं असतं, तर मी जल्मभर चुलीम्होरं डोळं कशाला फोडलं असतं गं?" आप्पा कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आठ-दहा दिवसांत ताप उतरला. खोकला होता, पण रक्त दिसेना. हाडांवर जराशी माया आली. मी त्यांना धरून उन्हात बसवायला लागले. शेजारीणसुद्धा कुंपणावरून लिंबू देऊन गेली. संक्रांतीला आक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात ह्या कुंपनावर वालाचा येल सोडायचा. मागल्या साली ऱ्हायला." पावसाळ्याची गोष्ट त्या करत होत्या. मी घरी येऊन यांच्यापाशी रडले, आनंदाने.

आप्पा मात्र सुधारत नव्हते. बायको बरी होतेय आणि नवरा वाळतोय, असं दिसत होतं. दिवसातून तीन तीन वेळा विहिरीवर आंघोळ करायचे, त्या थंडीत. नदीवर अजून जातच होते, पण मला वाडगं येईनासं झालं होतं. मी विचार केला नाही. खेकडी मिळत नसतील म्हटलं, नाहीतर आप्पा एकटे खात असतील. माणूस बरं व्हायला लागलं की आपण विचार करत नाही.

माघात एका दुपारी मी आक्कांकडे गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी रिकामं वाडगं, आणि गल्लीतली एक मांजरी, बोकी म्हणायचे तिला, वाडग्यात डोकं घालून चाटत होती. मी शुकशुक केलं.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "चाटू दे तिला. मी मगाधरनं बघतोय."

बोकी वाडगं फिरवून फिरवून चाटत होती. तळ लख्ख केला, कड चाटली, जमिनीवर थेंब पडला होता तोही चाटला.

"बाई," आक्का म्हणाल्या, "हुलग्याला मांजर कवा तोंड लावतंय का गं?"

 मी म्हटलं, दूध घातलं असेल.

"दूध मला कळत न्हाय व्हय? हाक मार त्यास्नी."

आप्पा आले. हात पुसत आले. बोकीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि उंबऱ्यावरच थांबले.

"माडग्यात काय घालतायसा?" आक्कांनी विचारलं.

कुणीही माणूस म्हणाला असता, काही नाही गं, लसूण आहे. मी मनात म्हणत होते, आप्पा, आज बोला हो खोटं. एवढं एक बोला. कोर्टात बोलला नाहीत, निदान इथं बोला.

"खेकडं," आप्पा म्हणाले. "गाळून घालतोय. संक्रांतीच्या आधीपासनं. रोज."

 मला वाटलं, आक्का शिव्या देतील. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि गळ्यातली माळ काढायला लागल्या. ती केसांत अडकली. मला म्हणाल्या, "काढ गं." मी म्हटलं, मी नाही काढणार. तेव्हा त्यांनी स्वतःच केस तोडून ओढली आणि माझ्या हातात दिली. "तुळशीत ठेव जा."

मग आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं मला आता कायबी नगं. पानीसुदिक नगं."

त्या दिवसापासून मी त्यांना रांधून घालू लागले. माझ्या चुलीवर मासळी शिजायची. पूर्वी आक्का माझ्या हंड्यातलं पाणीही घेत नसत. मी घाबरत विचारलं, चालेल का हो? "आता माजं काय बाटायचं ऱ्हायलंय?" म्हणाल्या, आणि दोन घास खाल्ले. दोनच. हळूहळू तेही नाही.

मी भांडले त्यांच्याशी. आजारी बाईशी भांडू नये, पण भांडले. "अहो, तुमच्या जिवासाठी केलं त्यांनी! स्वतःची बोटं फोडून घेतली!"

"माज्या जिवासाठी केलं," त्या म्हणाल्या. "पर मला इचारायचं हुतं."

"विचारलं होतं की."

"व्हय. आन मी न्हाय म्हनलं हुतं."

बाहेर येऊन आप्पांवर चिडले. मलाही काही सुचत नव्हतं, दिसेल त्याच्यावर चिडत होते. म्हटलं, "चोरून कशाला घातलंत?"

"सांगून घेत न्हवती," आप्पा म्हणाले. "म्हनून चोरून घातलं." त्यांना यात काही वेगळं सांगण्यासारखं वाटतच नव्हतं.

मला दोघांचाही राग येई. अजून येतो. तिने एकदा मान वळवली असती तर काय बिघडलं असतं? तो जन्मात एकदा खोटं बोलला असता तर काय जीभ झडली असती? संक्रांतीला वालाच्या वेलाची गोष्ट करणारी बाई, महिन्याच्या आत पुन्हा रक्त टाकायला लागली. बुवा येऊन गेले, प्रायश्चित्त घेऊन माळ परत घाला म्हणाले. आक्कांनी हात जोडले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आप्पा रोज सकाळी दूध तापवून वाडगं उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवत. ते तसंच साय धरून राही. मी म्हणे, द्या माझ्याकडे, मी पाजते. तर म्हणत, "नगं. माजं हाय म्हनून सांगाय लागंल. न्हाई सांगितलं तर पुन्यांदा तेच." मग दूध बोकी प्यायची.

नदीवर जाणं चालूच होतं. कशाला जात होते देव जाणे. एका सकाळी घाटाच्या वरच्या अंगाला काहील दरडीला लागलेली दिसली. आप्पा खांद्यापर्यंत हात बिळात घालून बसले होते. मी दोन लुगडी धुतली, पिळली, तरी ते तसेच. मी काठाने जवळ गेले. "आप्पा, काय झालं? हात अडकला का?"

"न्हाय. धरलंय त्यानं."

"मग ओढा की बाहेर!"

"धरू दे," ते म्हणाले.

मी हाका मारून दोन माणसं बोलावली, त्यांनी हात बाहेर काढला. अंगठ्याला खेकडं लटकलेलं होतं. आप्पांनी ते सोडवलं आणि परत बिळापाशी पाण्यात सोडून दिलं. पुढं पंधरा दिवस अंगठा सुजलेला होता. त्याला काही लावू दिलं नाही.

शिवरात्र झाली आणि थंडी संपली. त्यानंतरच्या एका दुपारी शेजारीण धावत मला बोलवायला आली. आक्कांचा श्वास वर लागला होता. डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तरी ओळख नाही. दोन-चार बाया जमल्या. कुणीतरी तांब्यात पाणी आणलं, वर तुळशीचं पान टाकलं. शेवटचं पाणी घरच्या माणसाने घालायचं. पोरगं नाही, तर नवऱ्याने.

आप्पा उंबऱ्यावर उभे होते. सगळ्यांनी वाट करून दिली. ते आत आले नाहीत.

"या की," मी म्हटलं. "वेळ नाही हो."

"तुमी घाला, बाई."

शेजारणीला राहवलं नाही. जन्मभर जिने आप्पांना शिव्या दिल्या तीच रडत रडत म्हणाली, "अरं बाबा, आता तिला कुटली सुद? कुनाचा हात हाय हे तिला काय कळतंय? कायबी कळत न्हाय. घाल, बाबा. नवरा हाईस तू तिचा."

"कळत न्हवतं म्हनूनच मागं घातलं," आप्पा म्हणाले. "आता न्हाय घालनार."

मी आक्कांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पळीने पाणी तोंडात सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं ओठांच्या कडेने गळ्याकडे ओघळलं. आप्पा दोन पावलं आत आले, खांद्यावरचा पंचा हातात घेतला, वाकले. आणि वाकूनच थांबले. मग पंचा माझ्याकडे धरला.

"तेवढं पुसा, बाई," ते म्हणाले.